रुई नको, मॅडम

यूसुफभाई,

तुमच्यावर माझा विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. तेही लिहीन, पण हे राहून गेलं तर त्या शब्दांना काही अर्थ उरणार नाही. नऊ वर्षं आपण यवतमाळबाहेरच्या त्या धावपट्टीवर, हँगरच्या एका पत्र्याखाली काम केलं. तुम्ही उड्डाणशाळेचे सगळ्यांत जुने मिस्त्री, मी तपासणी विभागाची मॅडम, कागदांची. शेवटचे चार महिने मी तुमच्या हातांवर नजर ठेवून होते. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले तरी ती सवय गेलेली नाही. परवा स्टोअरमध्ये काच वाजली आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं, की यूसुफभाई पुन्हा बरण्यांना हात लावतायत. मग आठवलं. मांजर होतं.

आपलं भांडण कशावरून होतं हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. बोटभर लांबीच्या काही तुकड्यांवरून. आपली शिकाऊ विमानं अजून शिसं घातलेल्या पेट्रोलवर उडतात. आता बिनशिशाचं पेट्रोल आलं आहे, आणि ते यायलाच हवं होतं. इंजिनाची त्याबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न बाकीच्यांचा. टाकीच्या सांध्यांत भरलेलं सीलंट, रबरी नळ्या, वॉशर, पंखांवरचा रंग, ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं जुन्या पेट्रोलात मुरलेली. त्यांना नवं मानवेल का? म्हणून प्रत्येकाचा एक तुकडा काचेच्या बरणीत नव्या पेट्रोलात आणि तुलनेसाठी एक जुन्यात बुडवून ठेवायचा, दर आठवड्याला काढायचा, पुसायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि तोलायचा. दोन माणसांनी, वेगवेगळ्या बरण्या, वेगवेगळ्या वह्या. दोघांच्या सह्या झाल्या की टाक्यांत नवं पेट्रोल पडणार होतं, आणि त्या टाक्यांच्या भरवशावर वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी एकटी वर जाणार होती.

खरं तर संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले. नव्या पेट्रोलचे पिंप आले त्या दिवशी सोबत पेट्रोल कंपनीचा, पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ पेढे घेऊन आला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. तुम्ही हात मागे बांधून उभे.

"काका, उपास आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही साहेब. पेट्रोल पास नाही झालं ना अजून. झालं का खातो."

मग तुम्ही पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो उन्हात धरलात. निव्वळ पेट्रोल असेल तर उडून जातं, रॉकेलसारखं काही मिसळलं असेल तर तेलकट डाग मागे राहतो. गृहस्थ म्हणाला, लॅबचा रिपोर्ट जोडलाय की सोबत. तुम्ही कागदावरची नजर न काढता म्हणालात, "रिपोर्ट तं आहे, पन विमानाच्या टाकीत आमी रिपोर्ट नाही टाकत." त्या दिवशी मला तुमचा एवढा अभिमान वाटला होता की घरी जाऊन मी तुमची नक्कल करून दाखवली. डाग पडला नाही. पेट्रोल चोख होतं. तुम्ही तरी दुसऱ्या पिंपातला थेंब टाकलातच.

पहिले दोन आठवडे आपले आकडे जुळले. तिसऱ्या आठवड्यात पुसायचे खास कागद संपले, ज्यांचा धागा सुटत नाही ते. मागणी पाठवली, उत्तर आलं की येतील. तुकडे तर थांबणार नव्हते. माझ्या भावानं वणीच्या जिनिंगमधून आणून दिलेली रुई घरात होती, सरकी काढलेली, पांढरीशुभ्र. मी ती डब्यात भरून आणली. आपल्या जिल्ह्यात राहून पुसायला चिंधी शोधायची, हे मला कमीपणाचं वाटलं. तुम्ही डब्यात डोकावलात आणि म्हणालात, "रुई नको, मॅडम. रुई चिकटते."

एवढंच. त्यापुढे तुम्ही काही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. तुमचे अब्बा दिग्रसला जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचे, तुमचं लहानपण रुईच्या धुरळ्यात गेलं, हे मला ठाऊक होतं. तरी मला वाटलं, हा माणूस माझ्या भावाच्या रुईला नावं ठेवतोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाभींच्या जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे धुऊन आणलेत. मी नाक मुरडलं. त्याला साबण लागला असेल, खोबरेल लागलं असेल, अत्तर लागलं असेल. हे सगळं मी मनात म्हटलं आणि वहीत टिपून ठेवलं.

चौथ्या आठवड्यापासून आकडे फाटले. सीलंटचा माझा तुकडा होता तेवढाच राहिला, तुमचा हलका होत गेला. पाचव्या आठवड्यात आणखी हलका. माझ्या वहीप्रमाणे सीलंट पास, तुमच्या वहीप्रमाणे नवं पेट्रोल त्याला खात होतं. तराजू एकच, पेट्रोल एकाच पिंपातलं, तुकडे एकाच दिवशी कापलेले. दोघांपैकी एक जण खोटं लिहीत होता आणि तो मी नव्हते, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मग तुम्ही कशासाठी खोटं लिहाल याचा मी शोध सुरू केला, आणि शोधायला बसलं की सापडतंच. जुन्या पेट्रोलमुळे स्पार्क प्लगांत शिशाचे बारीक गोळे बसतात. ते कोरून काढायचं काम तुमच्याकडे होतं, हाताखाली दोन माणसं होती. बिनशिशाचं पेट्रोल आलं की ते काम निम्म्यावर येणार. झालं, मला पाणी कुठं मुरतंय ते कळलं. मी तुम्हाला आडून विचारलंही, की नवं पेट्रोल आलं तर तुम्हाला जड जाईल नाही का.

तुम्ही दोन्ही पंजे माझ्यासमोर धरलेत. नखांच्या कडा कायमच्या काळपट, बोटं किंचित थरथरणारी.

"तीस वर्सं या पेट्रोलात हात धुतले मॅडम. कोनी सांगतलं नाही का त्यात शिसं राह्यते. हे नवं मलेच पाह्यजे, तुमच्याहून जास्त पाह्यजे. पन पाह्यजे म्हनून पास करू का?"

किती चांगलं बोलतो हा माणूस, असं मला वाटलं, आणि तेवढ्यानंच संशय वाढला. इतकं चांगलं बोलणारा माणूस तयारी करून आलेला असतो, असा माझा हिशेब.

त्यानंतर छताचा प्रकार घडला. स्टोअरमधली एक रिकामी बरणी जागेवर नव्हती. शोधत मी हँगरच्या मागे गेले तर शिडी लावलेली, आणि चढून पाहिलं तर वर पत्र्यावर, मे महिन्याच्या उन्हात, तुमची बरणी. झाकण दोऱ्यानं बांधलेलं, चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात "छत". मी तिथूनच ओरडले.

"हे काय आहे, यूसुफभाई? कपाटातून बरणी हलवायची नाही असा नियम आहे ना?"

"विमान कपाटात राह्यते का मॅडम?" तुम्ही खालून शांतपणे विचारलंत. "एप्रनवर, उघड्यावर उभं राह्यते. पंखाले हात लावून पाहा, चटका बसते. म्हनून एक जादा बरनी उन्हात ठेवून राह्यलो. कपाटातली वेगळीच आहे, तिले मी हात नाही लावला."

"परवानगी घेतली होती?"

"नाही घेतली."

"मग मी यावर विश्वास का ठेवू?"

"नका ठेवू," म्हणालात. "पन तुमचा तुकडा एकदा बोटानं दाबून तं पाहा. चिमट्यानंच धरता तुमी."

नमुन्याला हात लावायचा नाही हाही नियमच होता. मी तो मोडला नाही. त्याऐवजी खुर्चीवर बसून तक्रार लिहिली, की नमुने परवानगीशिवाय हलवले गेले, नोंदींत फेरफार झाल्याचा दाट संशय आहे, संबंधितांना या चाचणीतून दूर करावं. "संबंधित" लिहिलं, नाव लिहायची हिंमत झाली नाही. नाव संचालकांनी घातलं. मला वाटलं होतं, ते तुम्हाला केबिनमध्ये बोलावतील. त्यांनी सकाळच्या हजेरीला, सगळे मिस्त्री आणि शिकाऊ मुलं उभी असताना, हँगरमध्ये ती वाचून दाखवली. फेरफार हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. दुसरा माणूस नव्हता म्हणून चाचणीवर मात्र तुम्हालाच ठेवलं.

तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "हे बराबर लिहिलं आहे का, मॅडम?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही मान हलवलीत आणि विमान धुवायला निघून गेलात. ओरडला असतात, शिव्या दिल्या असत्यात तर मला बरं वाटलं असतं, माझा संशय खरा ठरल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मुलं तुम्हाला सलाम करताना क्षणभर अडखळू लागली. ते मी पाहिलं, आणि नजर वहीत घातली.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला पेन उचलत नाही. तुमच्या जागी यूसुफभाई नसते, माझ्या भावाच्या ओळखीतला कुणी पाटील-देशमुख असता, तर मी इतक्या लवकर तक्रार लिहिली असती का? आधी विचारलं असतं, दोनदा चहा घेतला असता, "अहो, तुमचं काहीतरी चुकतंय" म्हटलं असतं. नऊ वर्षं तुमच्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली, ईदला शिरखुर्मा पाठवला नाहीत तर रुसून बसले, आणि तरी. मला याचं उत्तर "हो, लिहिली असती" असं द्यायचं आहे. पण या बाबतीत माझा स्वतःवरही विश्वास राहिलेला नाही.

तुम्ही गेल्याचं मला रविवारी दुपारी फोनवर कळलं. दिग्रसला घरी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. सगळा हँगर गाडी करून मातीला गेला. मी गेले नाही. बायका जात नाहीत, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला फार सोयीचं पडलं. घरी बसून मी रडले आणि रडतानाही एक विचार येऊन गेला, की आता सही कोण करणार.

त्यानंतर मी काय केलं ते ऐका. सोमवारी मी तुमचं कपाट उघडलं. श्रद्धांजली म्हणून नव्हे. तुम्हाला पकडायला. तुम्ही ब्लेडनं तुकडा तासला असणार, त्याशिवाय वजन कमी होईल कसं, आणि ती खूण मला सापडणार, अशी माझी खात्री होती. गेलेल्या माणसाला चोर ठरवायला मी भिंग घेऊन बसले होते, यूसुफभाई. कडा पाहिल्या. एकही ओरखडा नव्हता. तुमच्या मलमलनं पुसून, वाळवून तोलला. तुमच्या वहीतल्या शेवटच्या आकड्याहूनही थोडा हलका.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, आता हाच तुकडा माझ्या पद्धतीनं. पुन्हा बुडवला, काढला, माझ्या रुईनं पुसला, वाळवला, तोलला. जड झाला होता. पुन्हा एकदा केलं. आणखी जड. तराजू बिघडला म्हणून दुसरी वजनं टाकून पाहिली, तराजू ठीक होता. मग भिंग लावलं. तुकड्याच्या अंगावर बारीक पांढरे तंतू रुतले होते. माझा तुकडा काढला तर त्यावर आठवड्या-आठवड्याची पुटं चढलेली, नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत इतक्या सफाईनं बसलेली. जुन्या पेट्रोलातल्या तुकड्यावर एक तंतू नव्हता, कारण तो चिकट झालाच नव्हता. नव्या पेट्रोलात सीलंट विरघळत होतं, वरून चिकट होत होतं, आणि जेवढं पेट्रोल खात होतं तेवढी माझी रुई भरून काढत होती. वहीत सगळं जिथल्या तिथं.

मग मी चिमटा ठेवला आणि तुकडा बोटांत धरून दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला.

तुम्ही मला सांगितलं होतंत. दोनदा सांगितलंत, एकदा रुईचं, एकदा बोटाचं. पण तिसऱ्यांदा का नाही सांगितलंत? चढ्या आवाजात का नाही? हजेरीला सगळ्यांसमोर मला का नाही म्हणालात, की मॅडम, चूक तुमची आहे? मी "हो" म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत तिचा अर्थ काय होता? या एकवीस दिवसांत मला तुमचा राग आला आहे, खरा राग, आणि तो काढायला तुम्ही नाही आहात. तुमची ही मुकाट्यानं बाजूला होण्याची सवय मला कधीच आवडली नाही. ती तुम्हाला कुणी लावली हे मला कळतं. म्हणून आणखी आवडत नाही.

छताच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. परवानगी घ्यायलाच हवी होती. एक ओळ लिहून दिली असतीत तर मी सही केली असती. म्हणजे, केली असती असं आज वाटतं. ती छतावरची बरणी मी आता रीतसर नोंदवली आहे. तिच्यातला तुकडा तर चिमट्यात धरवत नाही इतका मऊ झालाय. हे तुमच्या बाजूचं आहे, तरी नियमाचं माझं म्हणणं कायम आहे. यावर आपलं भांडण व्हायचं राहिलं.

अहवाल मी लिहिला. सीलंट नापास. दुसरं सीलंट भरून, पुन्हा सगळ्या चाचण्या होईपर्यंत नवं पेट्रोल टाक्यांत जाणार नाही. तुमचे आकडे जसेच्या तसे लावले आणि माझे कसे चुकले ते दीड पानात लिहिलं. संचालकांनी ते वाचलं आणि घाम पुसत म्हणाले, बरं झालं वेळेवर कळलं. मग मी तक्रारीचा कागद पुढे ठेवला. हा मागे घ्यायचाय, म्हटलं, आणि जिथं वाचलात तिथंच मागे घेतल्याचं वाचायचं. ते म्हणाले, "आता ते राहिले नाहीत मॅडम. लोक विसरलेत. तुमचंच नाव खराब होईल. कशाला उकरून काढता?" लोक विसरलेत हे त्यांना कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. परवाच एका शिकाऊ मुलीनं मला विचारलं, यूसुफ सरांनी नक्की काय केलं होतं.

तरी मी घाबरलेच. हँगरमध्ये उभं राहण्यापेक्षा दिग्रसला जाणं सोपं वाटलं. भाभींना सांगू, त्या रडतील, मी रडेन, मोकळं होऊ. शनिवारच्या एसटीनं गेले. तुमच्या दारासमोरून कापसाचा ट्रॅक्टर चालला होता, भाभी ओसरीत बसल्या होत्या. चहा झाला. मी सगळं सांगितलं, रुईपासून अंगठ्यापर्यंत, आणि ती तक्रार माझी होती हेही. त्या रडल्या नाहीत.

"मले माहीत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यायनं त्याच दिवशी सांगतलं. जेवले नाही त्या दिवशी."

"भाभी, मला माफ करा."

"हे तुमी घरात कायले सांगून राह्यल्या?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "घरात तं ते कधी बेईमान नव्हते. जिथं त्यायले बेईमान केलं, तिथं जाऊन सांगा."

मी म्हटलं, सांगते. सोमवारी, हजेरीच्या वेळी.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मीबी येतो," म्हणाल्या. "तुमी काय सांगता अन् काय गाळता, ते मले माह्या कानानं आयकाचं आहे."

त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, यूसुफभाई, आणि तो का असावा? संचालकांना मी फोन करून सांगितलं आहे की परवानगी मागत नाही, कळवते आहे. उद्या दिग्रसहून पहिली एसटी साडेआठला पोचते. मी स्टँडवर भाभींना घ्यायला जाईन. हे एवढं मोठं हँगरमध्ये वाचणार नाही, हे तुमचं आहे. तिथं तीनच वाक्यं बोलेन, पाठ केली आहेत. यूसुफभाईंनी कशातही फेरफार केला नव्हता. त्यांचे सगळे आकडे खरे होते, चुकले ते माझे. त्यांनी मला ते वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मग भाभींना काही बोलायचं असेल तर त्या बोलतील, सगळ्यांसमोर, त्यांना हवा तेवढा वेळ, आणि मी उभी राहून ऐकेन.